कुबट शेंगांचं पोतं आणि एका आईचा धसका

पत्राचा गोषवारा: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शेतकरी घरातल्या ताई लिहितात. यंदा भुईमूग काढला आणि परतीच्या पावसाने गाठलं. शेंगा तीन दिवस ताडपत्रीखाली ढिगानेच पडून राहिल्या. मग दोन दिवस ऊन मिळालं, तेवढ्यावर त्या खताच्या रिकाम्या पोत्यांत भरून पडवीत भिंतीला लावून ठेवल्या. तीन पोती. दिवाळीपासून त्याच शेंगांचं कूट भाजीत, चटणीत आणि चार वर्षांच्या मुलाच्या लाडवात जातंय. पहिलं पोतं निम्मं संपलं. परवा दुसरं सोडलं तर कुबट वास आला आणि काही शेंगांत हिरवट भुकटी दिसली. सासूबाई म्हणाल्या, "धुऊन, वाळवून, खरपूस भाज, बुरशी मरते. अगदीच वाईट असतील त्या म्हशीला घाल." त्याच आठवड्यात नणंदेने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. बुरशीची विषं पेशींतली चरबी "जाळतात" असं त्यात सांगितलं होतं, आणि शेवटी अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स. ताई विचारतात: "माझ्या हातून पोराच्या पेशी जळल्या का? त्याचं रक्त तपासू का? गोळ्या सुरू करू का? तिन्ही पोती उकिरड्यावर टाकू का? आणि आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, हे सांगू कसं? त्यांनी जन्मभर असंच केलंय. पोरगा तसा खातोपितो, खेळतो, अंगणवाडीत जातो."

ताई,

आधी मुलाबद्दल बोलते, कारण त्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. तो खातोपितो, खेळतो, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंय. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. भुईमुगावरच्या बुरशीचं जे विष आपल्याला भिववतं त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. ते एकदम मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर यकृतावर घाव घालतं, आणि तो घाव लपत नाही. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, उलट्या होतात, पोट फुगतं, पायांवर सूज येते. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि कुबट शेंगांचं आपणहून सांगायचं, कारण ते विचारतीलच असं नाही. तसं काही नसेल तर आज रात्री नीट झोपा.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक खरी घटना सांगते. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात आदिवासी गावांमध्ये काविळीसारखा आजार पसरला. माणसांबरोबर गावातली कुत्रीही मेली. सुमारे चारशे जण आजारी पडले, १०६ जण दगावले. कारण निघालं अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेला मका. त्या मक्यात किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन होतं. आपल्याकडे आज धान्याला मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग). म्हणजे तो मका मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता, आणि दुसरं काही नसल्याने लोक दोन्ही वेळा, आठवड्यामागून आठवडे तोच खात होते. तुमच्या घरी कूट चमच्याने जातं.

पण थोड्या प्रमाणाची बाब वेगळी आहे आणि तीही तुमच्यापासून लपवत नाही. थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताच्या कर्करोगाची शक्यता वाढते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या निश्चित कारणांत, घातलेलं आहे. बेनिन आणि टोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत असंही दिसलं की ज्या लहान मुलांच्या रक्तात या विषाच्या खुणा जास्त, ती मुलं उंचीने आणि वजनाने मागे. यातला खरा शब्द आहे "वर्षानुवर्षं". दोन महिन्यांच्या लाडवांनी पुढचं आयुष्य ठरत नाही. पुढची पंधरा वर्षं त्या घरात शेंगा कशा साठवल्या आणि निवडल्या जातात, त्याने बरंच काही ठरतं, आणि ते सगळं अजून तुमच्या हातात आहे.

एक काम मात्र आजच करा. मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढा आणि हिपॅटायटिस बी या काविळीवरची लस पूर्ण झालीय का ते बघा: जन्मल्यावरचा डोस आणि नंतर दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलेंटमधून मिळणारे डोस. ज्याच्या शरीरात त्या काविळीचा विषाणू कायम मुक्कामाला आहे त्याच्या यकृतावर अफ्लाटॉक्सिनचा मारा कितीतरी पटींनी जास्त बसतो. व्हिडिओतल्या कुठल्याही गोळीपेक्षा ही फुकट मिळणारी लस मोठं संरक्षण आहे. डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारा.

आता तुमचा मूळ प्रश्न. पेशींतली चरबी जळते म्हणजे नक्की काय?

व्हिडिओत सांगितलेली गोष्ट पूर्ण खोटी नाही. पण "चरबी" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पोटावरची वळी येते, आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असतं, आणि ते मुख्यतः स्निग्ध रेणूंचं बनलेलं असतं. तूप थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं, कारण तेलाच्या रेणूंत जागोजागी दुहेरी बंध असतात. पेशीचं पटल लवचीक राहतं तेही याच दुहेरी बंधांमुळे. पण जो बंध मऊपणा देतो तोच कच्चा दुवाही असतो. दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन अणू सैल बसलेला असतो. एखाद्या फ्री रॅडिकलने, म्हणजे दुसऱ्याकडून ओढून घेणाऱ्या अस्थिर रेणूने, तो हिसकावला की त्या जागी ऑक्सिजन चिकटतो, आणि जखमी झालेला रेणू स्वतःच शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो. शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. साखळी चालू होते.

हे तुम्ही रोज बघता, फक्त दुसऱ्या नावाने. दिवाळीतला चिवडा डब्याच्या तळाशी राहतो आणि महिन्याभराने खवट लागतो ना? ती हीच साखळी. तेलाचे रेणू ऑक्सिजनने तुटतात आणि त्यांचे तुकडे जिभेला बोचतात. आपल्या भाषेत "खवट" हा इतका नेमका शब्द आहे की मला त्यापुढे "लिपिड पेरॉक्सिडेशन" हे लांबलचक नाव फिकं वाटतं. मी काही वर्षं अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं. तिथे खवटपणा मोजायची एक जुनी पद्धत होती. नमुन्याच्या अर्कात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालायचं, नळ्या उकळत्या पाण्यात उभ्या करायच्या आणि वाट बघायची. ताज्या तेलाची नळी जवळजवळ पाण्यासारखी राहायची. जुन्या फरसाणाची हळूहळू गुलाबी होत जायची, कधीकधी गुलकंदाच्या सरबतासारखी. तो रंग देणाऱ्या तुकड्याचं नाव मॅलॉनडायअल्डिहाइड. अफ्लाटॉक्सिन दिलेल्या प्रयोगातल्या उंदरांच्या यकृताचा अर्क याच कसोटीला लावला तर तोही जास्त गुलाबी होतो. म्हणजे त्या यकृताच्या पेशी आतून खवट होत असतात, असं म्हटलं तर चुकणार नाही.

हे होतं कसं तेही समजून घ्या, कारण गोळीचा फोलपणा इथेच कळतो. अफ्लाटॉक्सिन आतड्यातून यकृतात येतं. यकृत त्याला बाहेर घालवायच्या खटपटीला लागतं, आणि त्या खटपटीतच त्याचं जास्त घातक रूप तयार होतं. हे रूप पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं. त्याला वाटेत पकडायचं काम ग्लुटाथायोन नावाचा शरीरातलाच एक रेणू करतो. पण हाच ग्लुटाथायोन फ्री रॅडिकल्सही विझवत असतो. विष जास्त आलं की त्याचा साठा आटतो, फ्री रॅडिकल्स मोकाट सुटतात आणि पटलातले स्निग्ध रेणू तुटू लागतात. पटल गळकं होतं, आतली एन्झाइम्स रक्तात उतरतात. डॉक्टर रक्तातलं एसजीपीटी (असंच एक यकृतातलं एन्झाइम) तपासायला सांगतात तेव्हा ते हीच गळती बघत असतात.

म्हणजे घाव दोन आहेत, एक पटलावर आणि एक डीएनएवर. कर्करोगाचा धोका मुख्यतः दुसऱ्यातून येतो. व्हिडिओने पहिला दाखवला, दुसरा गाळला, कारण गोळी विकायला पहिलाच सोयीचा. ई जीवनसत्त्वासारखं अँटिऑक्सिडंट ती खवटपणाची साखळी मध्येच तोडतं हे खरं आहे, सेलेनियम हे खनिजही शरीराच्या या कामात लागतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा गोष्टींनी यकृताचा खवटपणा कमी झालेला दिसलाय. पण त्या भरवशावर चार वर्षांच्या मुलाला तीन महिने गोळ्या द्याव्यात याला आधार नाही. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम दोन्ही शरीरात जास्त झाले तरी त्रास देतात. तुमच्या नणंदेने काळजीपोटीच पाठवलं असणार, त्यांना रागावू नका. पण ते पैसे वाचवा. त्याला रोजच्या जेवणात डाळ, अंडं, पालेभाजी, ताजं फळ मिळू दे. ग्लुटाथायोन बनवायला शरीराला प्रथिनं लागतात आणि ती ताटातून मिळतात.

औषधापेक्षा ताट बदलल्याने काय होतं त्याचं मोठं उदाहरण चीनमध्ये आहे. यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या छिदोंग भागात लोकांचं मुख्य अन्न मका होतं, हवा दमट, आणि यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण भयानक. १९८०च्या दशकात लोक मक्याकडून तांदळाकडे वळले. पुढच्या काळात तिथल्या पस्तिशीच्या आतल्या लोकांत यकृताच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. हे कुठल्या गोळ्यांच्या कोर्सने झालं नव्हतं.

रक्ततपासणीचंही तसंच. "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस"ची महागडी तपासणी करू नका. साधा ताप येऊन गेला तरी ते आकडे हलतात, आणि ते विषामुळे हलले की कशामुळे हे त्यातून कळत नाही. अगदीच चैन पडत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना सगळं सांगा. त्यांना वाटलं तर ते यकृताची साधी तपासणी करतील. पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा बराचसा भाग येणं थांबल्यावर काही दिवसांत शरीराबाहेर पडतो. म्हणून येणं थांबवणं हाच उपचार.

आता आत्यांच्या सल्ल्याकडे वळते, आणि इथे मला थोडं सावकाश बोलायचंय. "बुरशी मरते" हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. भाजल्यावर बुरशी मरतेच. पण विष म्हणजे बुरशी नव्हे. बुरशीने ते दाण्यात सोडलेलं असतं, आणि ती मेली तरी ते तिथेच राहतं. भाजल्याने ते थोडं कमी होतं, पण पुरतं मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि त्या तव्यावर दाण्याचा कोळसाच होईल. धुण्याने तर उलट नुकसान, कारण त्याने नव्याने ओल मिळते. वास आणि चवीवरही भिस्त ठेवता येत नाही. बुरशी दाण्यातलं तेल फोडते म्हणून दाणा कुबट, खवट लागतो, पण अफ्लाटॉक्सिनला स्वतःला वास नाही, चव नाही. खवट दाण्यात विष नसू शकतं आणि गोड दाण्यात असू शकतं. तरीही खवट लागलेला दाणा थुंकून टाकायची आपली सवय सोडू नका. ती चांगलीच आहे.

मग उरतं काय? उरतं ते आत्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त येतं: निवडणं.

हे विष पोत्यात मिठासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. ते मोजक्या दाण्यांत दाबून भरलेलं असतं. एक हिशेब मांडून बघा. अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात १५ मायक्रोग्रॅम विष असलं, तर बाकीचा किलोभर माल स्वच्छ असूनही त्या एका दाण्यामुळे अख्खा किलो मर्यादेला टेकतो. आणि त्याहून कितीतरी जास्त विष असलेले दाणे प्रत्यक्षात सापडलेले आहेत. म्हणून प्रयोगशाळेत मूठभर शेंगा नेऊन "माल चांगला आहे" असा कागद आणला तर तो फसवा ठरू शकतो. तो दाणा मुठीत आलाच नसेल. पण याच कारणामुळे निवडण्यात मोठी ताकद आहे. शंभरातले चार-पाच दाणे उचलून फेकले की विषाचा मोठा वाटा त्यांच्याबरोबर जातो.

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात भुईमूग पिकवणाऱ्या वीस गावांत हे करून बघितलं गेलं. दहा गावांना साध्या गोष्टी शिकवल्या: वाईट शेंगा हाताने वेचायच्या, वाळवण जमिनीवर न घालता चटईवर घालायचं, शेंगा नीट वाळल्यात की नाही हे ओळखायचं, तागाची पोती वापरायची आणि ती लाकडी फळ्यांवर ठेवायची. उरलेल्या दहा गावांत नेहमीप्रमाणे. पाच महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा पहिल्या दहा गावांतल्या लोकांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा निम्म्याहूनही कमी होत्या. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. मी ते वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली, दुपारी पडवीत एक पाय लांब करून सूप मांडीवर घेऊन बसलेली.

तुमच्या तीन पोत्यांचं असं करा. दुसरं पोतं, ज्यात भुकटी दिसली आणि वास आला, ते सोडून द्या. जीव तुटेल, वर्षभराच्या कष्टाचं आहे, मला कळतं. पण ज्यात बुरशी डोळ्यांना दिसतेय आणि वास भरलाय, ते निवडून वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. नाकाला फडकं बांधा, पोतं झटकू नका, घरापासून लांब खड्डा काढून पुरा. भुईमुगाच्या रानात नको आणि उकिरड्यावर नको, कारण तिथे कोंबड्या टिपायला येतात. घाण्यावर तर अजिबात नेऊ नका. बरेच जण तेच करतात, की खायला नको तर तेल काढू. विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, पण न शुद्ध केलेल्या घाण्याच्या तेलातही काही उतरतं.

पहिलं आणि तिसरं पोतं उन्हात मोकळं करा, पातळ थर, खाली कापड. शेंग हातात घेऊन हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा दोन बोटांत मोडला तर कट्‌कन तुटला पाहिजे, वाकता कामा नये. मग आधी शेंगा निवडा: फुटलेल्या, किडीने भोक पाडलेल्या, काळे डाग पडलेल्या, चिंबट, हलक्या, सगळ्या बाजूला. त्यानंतर फोडून दाणे निवडा: सुरकुतलेले, लहान राहिलेले, साल काळपट किंवा पिवळट झालेले. एखाद्या दाण्याची शंका आली तर नखाने त्याच्या दोन डाळी वेगळ्या करून आत बघा. वरून गुलाबी, गोरागोमटा दिसणारा दाणा आत उघडला की कधीकधी मधल्या पोकळीत राखाडी-हिरवं लव असतं, जळमटासारखं. एकदा ते पाहिलं की डोळा पुन्हा चुकत नाही. निवडताना पाचात एक टाकावा लागतोय असं दिसलं, तर त्या पोत्याचाही मोह सोडा.

एवढ्यावर थांबू नका. दाणे भाजल्यावर आपण ते चोळतो आणि सालं पाखडतो. ती वेळ सगळ्यात मोलाची. साल गेल्यावर चांगला दाणा एकसारखा बदामी दिसतो आणि वाईट दाणा काळपट डागासारखा उठून दिसतो. शेंगदाण्यांच्या कारखान्यांतही साल काढून रंगावरून दाणे वेगळे केले जातात. आजकाल घाईत आपण भाजलेले दाणे सालासकट मिक्सरला लावतो आणि नेमकी तीच पायरी गाळतो. कूट झाल्यावर काही निवडता येत नाही. म्हणून विकतचं तयार कूट लहान मुलाला देऊ नका, आणि मुलासाठीच्या लाडवाचे दाणे तुम्ही स्वतः, दिवसाउजेडी निवडा. तोपर्यंत महिनाभर त्याचे लाडू तिळाचे, नाचणीचे करा.

म्हशीबद्दल ठाम सांगते: नको. जनावराच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा थोडा भाग, साधारण शंभरात एक-दोन, दूध भरपूर असेल तर थोडा जास्त, रूप बदलून दुधात उतरतो, तोही दिवसभरातच. दूध उकळल्याने तो जात नाही. म्हणजे मुलाच्या लाडवातून काढलेलं विष म्हशीच्या वाटेने पुन्हा त्याच्याच पेल्यात येणार, आणि उरलेलं डेअरीच्या कॅनमधून दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या. आपल्याकडे दुधासाठी मर्यादा लिटरमागे जवळपास अर्ध्या मायक्रोग्रॅमची आहे, इतकी ती बारीक गोष्ट आहे. आधीच घातल्या असतील तर बंद करा. तीन-चार दिवसांत दूध निवळतं. पेंडीचं पोतं घेतानाही ते सोडून हात घालून बघा. ओलसर, गोळे झालेली, कुबट सरकी पेंड स्वस्त मिळाली तरी परत करा. हे मी सगळ्याच वाचकांना सांगते, कारण शहरात राहणाऱ्यांच्या घरी शेंगांची पोती नसली तरी दूध असतंच. आणि कोंबड्यांनाही नको. या विषाचा शोधच पाखरांमुळे लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं पटापट मेली, आणि कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवरची बुरशी, ॲस्परजिलस फ्लेव्हस. तिच्याच नावातली अक्षरं घेऊन अफ्लाटॉक्सिन हे नाव पडलं.

पुढच्या काढणीला परतीचा पाऊस चुकवणं आपल्या हातात नाही, पण ढीग न करणं आहे. उपटलेली रोपं शेंगा वर करून पसरायची, म्हणजे शेंगा जमिनीला टेकत नाहीत आणि वारा लागतो. पाऊस आलाच तर ताडपत्री थोडी उंच धरायची, उघडीप मिळाली की लगेच काढायची. तिच्याखाली तापलेल्या ओल्या ढिगात बुरशीला हवं ते सगळं मिळतं. खताची प्लास्टिकची पोती शेंगांना नकोत, ओल आत कोंडते आणि शिवाय ती खताची. बारदान घ्या, खाली फळ्या किंवा विटा, भिंतीपासून हातभर दूर. पिकाच्या शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण बसला तर बुरशी जमिनीतच दाण्यात शिरते, म्हणून एखादं पाणी देता आलं तर त्याच वेळी द्या.

राहिला प्रश्न आत्यांचा. तुम्ही लिहिलंय की त्यांनी जन्मभर असंच केलंय. मला वाटतं तसं नसावं. त्यांना विचारून बघा, त्यांच्या सासूच्या वेळी शेंगा कशात ठेवायच्या, कोण निवडायचं, किती दिवस वाळवायचे. बहुधा बारदान, माळा, सूप आणि दुपारभर बसलेल्या दोन-तीन बायका असं काहीतरी निघेल. खताचं पोतं आणि मिक्सर नंतर आले. तुम्ही "तुमचं चुकलं" म्हणत गेलात तर त्या मोबाइलमधल्या शहाणपणाला उत्तर देत बसतील. त्यापेक्षा तिसऱ्या पोत्यातल्या शेंगा सुपात घ्या आणि त्यांच्याशेजारी बसा. एक शंकेचा दाणा नखाने उघडून त्यांच्या तळहातावर ठेवा. त्यांना चष्मा लागत असेल तर तो आधी आणून द्या, आणि बसायला उजेडाची बाजू त्यांना द्या.